खडूचं वर्तुळ

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली, कारण तिच्यात चूक माझी होती. लंडनच्या हाउन्सलो भागात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक इंग्रज म्हातारा एकटा राहायचा. रोज सकाळी जमिनीवरच्या खडूच्या वर्तुळात उभं राहून तो चारी दिशांच्या देवदूतांना हाका मारायचा. सहा महिने खंड पडला नाही, तर आपला रक्षक देवदूत भेटतो, असं त्याने मला अगदी गंभीरपणे सांगितलं होतं. माझी बायको आमच्या दारात काढायची त्या रांगोळीला तो नेहमी वळसा घालायचा. "मॅडमचं वर्तुळ आहे, मोडायचं नाही," म्हणायचा.

सहावा महिना संपत आला होता, तेव्हा त्याच्या धुपाने जिन्यातला फायर अलार्म वाजला. मी चिडून आत घुसलो आणि बुटांसकट त्याच्या वर्तुळात उभा राहिलो. "बंद करा हा पोरखेळ!"

तो पुसलेल्या रेषेकडे बघत राहिला. "पुन्हा पहिल्या दिवसापासून? आता वय नाही राहिलं हो माझं."

त्यानंतर धुपाचा वास कधी आला नाही.

दुसऱ्या सकाळी तो दूध आणायला निघाला आणि रांगोळीला वळसा घालूनच गेला. मी दारातच होतो. नुसतं 'सॉरी' म्हणायचं होतं. मी हळूच दार लावून घेतलं.