जळकोट – घर

"हिरवं दिसून राहिलंय, पण खरं हाय का?"

ऑफिसात पाऊल टाकलं की आमच्यासोबत काम करणाऱ्या अक्कांचं पहिलं वाक्य हेच. चप्पल दाराशी, डबा टेबलावर आणि नजर भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर. लातुरातल्या आमच्या छोट्या कंपनीचं काम म्हणजे लोकांच्या वेबसाइट आणि सर्व्हर चालू आहेत की बंद पडलेत, यावर दिवसभर डोळा ठेवायचा. पडद्यावर गिऱ्हाइकांची नावं आणि प्रत्येक नावापुढे एक ठिपका. आमचं यंत्र थोड्या थोड्या वेळानं प्रत्येकाला हाक मारतं. ओ आली तर ठिपका हिरवा, नाही आली तर लाल. सगळे त्याला डॅशबोर्ड म्हणतात, अक्का नुसतं 'बोर्ड' म्हणायच्या.

सगळं हिरवं असलं की माझ्यासारखा माणूस चहाला जातो. अक्का जायच्या नाहीत. एकेक साइट स्वतः उघडायच्या आणि चष्मा वर-खाली करत वाचून काढायच्या. "अहो, यंत्राला ओ मिळाली ना? मग झालं की!" मी म्हणायचो.

"ओ काय, झोपेतलं माणूस बी देतंय," अक्का म्हणायच्या.

एकदा औशाच्या एका मंगल कार्यालयाचा ठिपका हिरवागार होता. अक्कांनी साइट उघडली तर हॉलचे फोटो गायब आणि तिथं परदेशी बुटांची जाहिरात! कुणी भामट्यानं आत घुसून आपलं दुकान मांडलं होतं. आमची सगळ्यांची धावपळ सुरू झाली. अक्का मात्र पडद्याकडं बघत म्हणाल्या, "लग्नात चपला जाताना लई बघितल्या. मिळताना पहिल्यांदाच बघून राहिले."

त्यांची फोन करायची तऱ्हाही वेगळीच. कुणाचा ठिपका लाल झाला की मालकाला फोन, आणि सकाळचे दहा असोत की दुपारचे चार, पहिला प्रश्न, "जेवलात का?" मग ख्यालीखुशाली आणि शेवटी, "तुमची साइट बंद दिसून राहिलीय." नांदेडचा एक ट्रॅव्हल्सवाला मला वैतागून म्हणाला होता, "साहेब, त्या बाईनं जेवलात का म्हनलं की माझी भूकच मरते बघा. समजतंय, काहीतरी बोंबललंय."

मी हे अक्कांना सांगितलं. त्या मुळीच हसल्या नाहीत. "मग काय इचारावं? मेलात का?" एवढं बोलून कामाला लागल्या.

मला लोकांच्या भानगडीत नाक खुपसायची खोड आहे, हे आधीच सांगून टाकतो. तुमच्यातही असे असतील, उगाच साळसूदपणा नको. तर बोर्डाच्या अगदी तळाला एक नाव होतं, 'जळकोट – घर'. त्याच्या शेजारी त्याच गावातली दूध डेअरी. डेअरी आमची गिऱ्हाईक, ते ठीक. पण हे घर कुणाचं? बरं, याचा ठिपका रोज सकाळी हिरवा व्हायचा आणि रात्री लाल. शटर ओढल्यासारखा. अशी वेबसाइट मी जन्मात पाहिली नव्हती.

"अक्का, हे कसलं गिऱ्हाईक हो?"

"जुनं हाय."

"तक्रार नाही करत?"

"लई तक्रारी हायत त्याच्या," अक्का म्हणाल्या. "ओ लोह्याचे पाव्हणे, तुमचा तो वरचा ठिपका लाल झालाय, तिकडं बघा की!"

मी लोह्याचा, म्हणून हे नाव. चिडल्या की ते बाहेर यायचं. म्हणजे पाणी मुरतंय हे नक्की. मी लक्ष ठेवू लागलो. सकाळी त्या ठिपक्याला हिरवं पाहिल्याशिवाय अक्का डबा पिशवीतून काढायच्या नाहीत. घर आणि डेअरी दोन्ही लाल झाले तर म्हणायच्या, "गावची लाईट गेली," आणि निवांत राहायच्या. घर एकटंच लाल झालं तर हातातलं काम सुटायचं.

शेवटी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा डबा उघडता उघडता अक्कांनी स्वतःच सांगितलं. ते घर त्यांच्या वडिलांचं. अण्णा तिथं एकटे राहायचे आणि लेकीशी बोलायचे नाहीत. पुष्कळ वर्षांपूर्वी पाहुणे मुलगी बघायला आले होते. अक्का पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मला लग्न करायचं न्हाई. पोहे खा, च्या घ्या, अन् सुखानं जावा." दुसऱ्याच दिवशी बसनं लातूर गाठलं आणि नोकरी धरली. भर बैठकीत मान खाली गेली म्हणून अण्णांनी बोलणं टाकलं ते टाकलंच. आई होती तोवर निरोप इकडचे तिकडं व्हायचे. आई गेली आणि मधला दुवाच तुटला.

"माझा फोन उचलत न्हाईत. नंबर वळखतात," अक्का म्हणाल्या. "मग चुलतभावाला सांगून घरात नेटचं डबडं बसवून घेतलं अन् बोर्डाला जोडलं. अण्णा झोपताना समदी बटनं बंद करत्यात अन् सकाळी उठले की चालू. तेवढं कळलं की बास."

अक्कांनी दुसरी पोळी माझ्यापुढं सरकवली.

आणि मग दिवाळी झाल्यावर एका सकाळी तो ठिपका हिरवा झालाच नाही. डेअरी हिरवी, घर लाल. चुलतभाऊ बाजाराला उदगीरला गेलेला. अक्का बोर्डासमोर उभ्या, चहावर साय धरलेली. फोन लावायच्या आणि वाजायच्या आत कापायच्या. "माझा दिसला तर उचलायचे न्हाईत. तुम्ही करा ना," त्या मला म्हणाल्या. 'लोह्याचे पाव्हणे' नाही, नुसतं 'तुम्ही'.

मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. अक्कांनी पिशवी खांद्याला अडकवली, बसस्टँडला निघाल्या. मी पुन्हा लावला आणि तिकडून खाकरल्याचा आवाज आला. मी घाईघाईनं फोनचा आवाज मोठा केला, अक्कांनाही ऐकू जावा म्हणून.

"कोण हाय?"

"काका, लातूरहून बोलतोय, नेटच्या ऑफिसातून. तुमचं नेट बंद दिसतंय."

"म्याच बंद ठेवलंय."

"का हो? काही बिघाड?"

"बिघाड काय न्हाई. बघून राहिलो व्हतो, अजून कुणी बघतंय का म्हून."

अक्का दारातच थांबल्या. चुलतभाऊ कधीतरी बोलून गेला असणार, की हे डबडं चालू झालं की लातूरला कळतं. म्हणजे बघा, ज्या म्हाताऱ्याला नेटशी काडीचं घेणंदेणं नाही, तो रोज सकाळी उठून लेकीसाठी ते बटण दाबत होता!

"ती तिथंच हाय का?" तिकडून प्रश्न आला.

अक्कांनी मान जोरानं हलवली, नाही म्हणून सांगा. मी म्हणालो, "हाव, काका. इथंच हायत."

अण्णा पुन्हा खाकरले. मग, "जेवली का ती?"

सकाळचे साडेनऊ! मला हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. अक्कांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "न्हाई अजून, अण्णा," एवढंच त्यांना बोलता आलं. पुढचं आम्ही कुणी ऐकलं नाही, सगळेच्या सगळे चहाला निघून गेलो.

त्यानंतर अक्का दर रविवारी जळकोटला जाऊ लागल्या. पुढं अण्णांचे पाय गेले तेव्हा तिथंच राहिल्या. बोर्ड काय, कुठूनही उघडतो. त्या तिथून फोन करायच्या आणि मागून अण्णांचा आवाज यायचा, "आधी जेवले का इचार!" दोन पावसाळे असे गेले. मग अण्णा गेले. दहाव्याला आम्ही सगळे गेलो होतो. "आता चला लातूरला," मी म्हणालो. "बघू," अक्का म्हणाल्या. नंतर त्यांनी नोकरी सोडली आणि अण्णांची जमीन बघत तिथंच राहिल्या.

आमचे मालक म्हणाले, ती तळाची ओळ आता काढून टाका. मी हो म्हणालो आणि काढली नाही. आता सकाळी आल्या आल्या मीच तळाला बघतो. मग बाकीच्या साइट एकेक उघडून वाचतो. नवी पोरं हसतात. हसोत बापडी.

मागच्या महिन्यात एका सकाळी डेअरी हिरवी होती आणि घर लाल. मी चहाचा कप तसाच ठेवला आणि फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"अक्का, नेट बंद दिसतंय."

"मीच बंद ठेवलंय," अक्का म्हणाल्या.

का ते मी विचारलं नाही.

"जेवलात का?" मी म्हणालो.

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि बटण दाबल्याचा. "न्हाई अजून," अक्का म्हणाल्या. "आता टाकते भाकर."

मी फोन कानाला धरूनच बोर्डाकडं बघत उभा राहिलो. थोड्या वेळानं तळाचा ठिपका हिरवा झाला.