जतच्या वावटळीत आठ सेकंद

टोर्नेडो पाहायला लोक अमेरिकेला जातात. आम्ही मिरजेहून जतला गेलो. तिथे फक्त वावटळ असते, पण व्हिसा लागत नाही. वीस वर्षं अकरावीला फिरत्या हवेचं विज्ञान शिकवूनही मी वावटळ कधी जवळून पाहिलेली नाही, हे कळल्यावर आमचे हे, निवृत्त सुभेदार, इतके हसले की मी तिथेच बेत ठरवला.

एप्रिलमधला रविवार. कवठे महांकाळपर्यंत रस्ता गुळगुळीत, पुढे मणक्यांची परीक्षा. जतला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि घाम फोडणारी आमटी. पाणी घरूनच न्या. वावटळीची वेळ बारा ते तीन, म्हणजे शहाणी माणसं सावलीत असतात तेव्हा.

गावाबाहेरच्या पडीक रानात लक्काव्वा नावाची धनगरीण मेंढ्यांना पाणी पाजत होती. जवळच ताडपत्रीच्या सावलीत झोळीत तिचं बाळ झोपलेलं.

"वावटळ कधी येते हो इथं?" मी विचारलं.

"आवं मॅडम, ती काय यष्टी हाय व्हय, टायमावर याला?"

मग मी ह्यांनाच शिकवायला घेतलं. जमीन तापली की हवा वर चढते, तिची जागा घ्यायला चहूबाजूंनी वारा धावतो, आत येईल तशी त्याची गिरकी वाढते. मधोमध मात्र शांत.

"म्हणजे आपल्या घरासारखं नाही," हे म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

तेवढ्यात समोर मातीचा खांब उभा राहिला आणि थेट ताडपत्रीकडे निघाला. लक्काव्वा लांब होती, मी जवळ. धावले. बाळ झोळीतून उचललं आणि ताडपत्री उडाली. वारा डावीकडून ढकलत होता, म्हणून मी डावीकडे रेलले. मग आठवलं, मध्य ओलांडला की वारा उलट्या बाजूने येतो. तशीच रेलून उभी राहिले असते तर बाळावरच पडले असते. फतकल मारून बसले. क्षणभर सगळं थांबलं, वर आभाळाचा निळा गोल दिसला. मग उजवीकडून दणका. पुस्तकाने पहिल्यांदाच शब्द पाळला.

लक्काव्वा धावत आली. बाळाला छातीशी धरून रडली, पदराने त्याचं तोंड पुसलं. मग मी माती थुंकताना बघून म्हणाली, "तोंड मिटायचं की वो मॅडम! आतबी शिकवत हुता व्हय?"

घरी आल्यावर दोन दिवस डोळे लाल. हे सगळ्यांना माझं शौर्य सांगतात. तेव्हा स्वतः गाडीच्या काचा वर करत होते, तेवढं गाळतात.

जावं का? जा. गॉगल न्या. मला मात्र तो मधला शांत क्षण आठवला की विज्ञान आठवत नाही. बाळ मानेला घट्ट धरून हुंदके देत होतं आणि मी त्याला सांगत होते, "झालं हं, संपलं."

अर्धी वावटळ अजून यायची होती.