पट्टा कुणी ओढला?

मातीच्या ट्रॅकवर गाड्यांची शर्यत असते, तेव्हा ड्रायव्हरला स्वतःचा सीटचा पट्टा पुरेसा घट्ट ओढता येत नाही. तो बाहेरच्या कुणीतरी पाय रोवून ओढायचा असतो. परवा पुतण्याच्या गाडीपाशी मी गॉगल लावून मोठ्या थाटात उपदेश करत उभा होतो, तर गाडीची देखभाल करणाऱ्या मिस्त्रींनी पट्ट्याचं टोक माझ्याच हातात दिलं.

"ओढा काका. नुसती भाषणं काय ठोकताय?"

मी रंगभूमीवरच्या भीमाच्या आवेशात ओढला. पुतण्याही खोटंखोटं कण्हला. मिस्त्रींनी पट्ट्याखाली हात घातला, तर अख्खा पंजा आत गेला.

"हा काय लग्नाला निघालाय?" म्हणत त्यांनी असा हिसका दिला, की पोरगं खरोखर 'आई गं' म्हणालं.

गाडी सुटली आणि मी कठड्याशी जाऊन उभा राहिलो. सकाळी पुतण्यानं 'स्वतःच्या जबाबदारीवर' असं लिहिलेल्या कागदावर सही केली होती. त्या कागदामुळे आयोजक निर्धास्त होते. पण गाडी उलटली, तर कागद त्याला धरून ठेवणार नव्हता. मिस्त्रींनी तपासलं नसतं तर? लिफ्टचा दोर, बसचा ब्रेक, पाळण्याची कडी. आपण रोज कुणाकुणाच्या मनगटाच्या भरवशावर खुशाल बसतो, आणि त्या मनगटात कधी माझ्यासारखा नुसता आवेशच असतो.

शर्यत संपली. धुळीनं माखलेला पुतण्या धावत आला. "काका, माझा नंबर कितवा?"

मला ठाऊक नव्हतं. प्रत्येक फेरीला मी एवढंच पाहत होतो, की त्याची गाडी वळणाच्या धुळीतून चार चाकांवर बाहेर येते की नाही.