'ओ' गटवाले बफिंगला

मंडळी, वालीवच्या कंपनीतून आत्ताच आलोय. किळस आलीय नुसती.

आमच्या शेठने कुठेतरी वाचलं की काही रक्तगटांना फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका कमी असू शकतो. आज त्याने सगळ्यांच्या गळ्यातली ओळखपत्रं बघितली आणि 'ओ' गटवाल्यांना भांड्यांच्या बफिंगला, म्हणजे चाकावर घासून चकाकी आणायच्या कामाला, त्या काळ्या धुळीत उभं केलं. अपघातात रक्त मिळावं म्हणून कार्डावर गट छापला होता.

आमचे फिटर पाटीलकाका म्हणाले, "शेठ, त्यापेक्षा बंद पडलेला एक्झॉस्ट फॅन दुरुस्त करा ना."

"तुम्हाला फॅन कशाला? रक्तच चांगलंय तुमचं."

शेठही 'ओ' गटाचाच. रक्तदान शिबिरात स्वतःच मिरवत होता. मग तो काचेच्या केबिनचं दार लावून का बसतो?