कोऱ्या कॅनव्हासचा हूड

सुनंदाबाईंना जीप चालवता येत नाही. पण जळगावात एखाद्या उघड्या जीपवर ताठ, नीट बसलेला हूड दिसला की लोक विचारतात, "सुनंदाबाईंचा का हो?" नवरा गेला तेव्हा त्याचं जाड कापड शिवायचं मशीन घरात होतं आणि दोन जीपचे हूड अर्धवट पडले होते. तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी बाई मशीनवर बसल्या. त्याला आता एकोणीस वर्षं झाली.

अजिंठा चौफुलीच्या अलीकडे कौतिकभाऊंचं गॅरेज आहे; बाईंचं मशीन आता तिथेच एका कोपऱ्यात असतं. दर रविवारी तिथे नुसती जत्रा असते. सातपुड्याच्या दगडा-चिखलाच्या वाटांवर जीप घालणारी हौशी मंडळी आठवडाभर आपापली दुकानं सांभाळतात आणि रविवारी गाड्या घेऊन इथे येतात. कुणी स्प्रिंगचे पाटे बदलून गाडी चार बोटं उंच करतो, कुणी मोठी चाकं घालतो, गाडी उलटली तर डोकं वाचावं म्हणून कुणी आत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवतो. पिंजरा बसला की जुना हूड काही बसत नाही. मग हाक येते, "काकू, माप घ्या!" सुनंदाबाई कपाळाला कात्री लावून मनुदेवीचं नाव घेतात आणि मगच कापडाला हात घालतात.

तीन वर्षांपूर्वी असोद्याची दिपमाला त्यांच्याकडे काम शिकायला आली. तिशीतली, बोलायला कमी, स्कूटीवरून यायची. सुनंदाबाईंनी तिला रेक्झिन शिकवलं, सीटा शिकवल्या. कॅनव्हास मात्र शिकवला नाही. कॅनव्हासचं काम आलं की म्हणायच्या, "हे तुला जड जाईल गं. तू जा आज लवकर." खरी गोष्ट वेगळीच होती. तिसऱ्याच महिन्यात दिपमालाची शिवण त्यांच्यापेक्षा सरळ यायला लागली होती, आणि ते त्यांना एका नजरेत कळलं होतं.

गेल्या वर्षी दिपमालाने स्वतःचं मशीन घेतलं. कौतिकभाऊंनी तिला गॅरेजातच समोरचा कोपरा दिला. सुनंदाबाई म्हणाल्या, "चांगलं झालं हो." त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी देवापुढे दिवा लावला, पण हात जोडून बसल्या तरी डोळ्यांपुढे समोरचा कोपराच येत होता.

मग रविवारी कान तिकडेच लागायला लागले. "दिपमालाताईंचं फिनिशिंग बघा!" असं कुणी म्हटलं की यांच्या मशीनची सुई तुटायची. एखादं जुनं गिऱ्हाईक तिकडे वळलं की यांना चहा कडू लागायचा. कौतिकभाऊंना ते समजत होतं. ते धुळ्याकडचे, बोलायला मोकळे. "वहिनी, काम बठ्ठास्ले पुरी इतलं शे," म्हणायचे, म्हणजे सगळ्यांना पुरेल इतकं काम आहे. बाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

अशात रोनकने घाव घातला. रोनक म्हणजे दाणाबाजारातल्या लखीचंदशेठचा नातू. शेठची जुनी जीप त्याने हौसेने नव्याने बांधायला काढली होती. त्या जीपचा पहिला हूड सुनंदाबाईंच्या नवऱ्याने शिवला होता, पुढचे दोन त्यांनी स्वतः. या वेळी रोनकला रेक्झिन नको होतं. जुन्या लष्करी गाडीसारखा सुती कॅनव्हास हवा होता. आणि तो काम देऊन मोकळा झाला दिपमालाला.

"काकू, तुम्ही रागावू नका हं," तो म्हणाला. "त्यांनी मोबाइलवर चित्र काढून दाखवलं."

"मी कशाला रागावू बाबा? जीप तुझी, डोकं तुझं."

पुढच्या रविवारी दिपमालाच्या टेबलावर मातकट हिरवा कॅनव्हास पसरलेला होता. सुनंदाबाईंना काही राहवेना. खडू मागायच्या निमित्ताने त्या तिकडे गेल्या. कापडाचं टोक त्यांनी अंगठा आणि बोटात धरून चोळलं. पापडासारखं कडक. कोरं होतं. पाणी लागलेलं नव्हतं. सुती कॅनव्हास आधी रात्रभर भिजवून, वाळवून मगच कापायचा. नाहीतर पहिल्या धुण्यात आटतो. हे त्यांना नवऱ्याने शिकवलं होतं. त्यांनी ते कुणाला शिकवलं नव्हतं.

दिपमाला समोरच उभी होती.

"कसं आहे अक्का कापड?"

"जाड आहे."

"दुकानदार म्हणाला, मेण लावलेलं आहे. याला पाणी लागतच नाही म्हणे."

"हं," सुनंदाबाई म्हणाल्या आणि खडू घेऊन परत आल्या. मागे कात्री चालल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी आपलं मशीन जोरात सुरू केलं.

हूड देखणा झाला. रोनकने जीपसोबत फोटो काढले, पेढे वाटले. सुनंदाबाईंनी पेढा पदराला बांधला, खाल्ला नाही.

पंधरा दिवसांनी जीप सातपुड्यातून आली ती चिखलाने माखून. धुवायला लावली, मग दिवसभर खानदेशी उन्हात उभी राहिली. रविवारी रोनकने ती गॅरेजात आणली तेव्हा हूडची मागची बटणं आपापल्या भोकांपासून तीन बोटं दूर होती. ओढून लावायला गेले तर मागच्या कोपऱ्यात कापड टरकन फाटलं.

"हे काय काम आहे?" रोनक सगळ्यांदेखत ओरडला. "फोटोपुरता शिवला का?"

दिपमाला मान खाली घालून उभी. रोनक वळला. "काकू, नवीन तुम्हीच शिवा. आजोबांपासून तुमच्याच घरचं काम होतं. माझंच चुकलं."

सुनंदाबाईंना बरं वाटलं. अगदी पोटातून बरं वाटलं, खोटं कशाला सांगायचं. त्या पदर खोचून हूडपाशी गेल्या, चार माणसांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अगं, कॅनव्हास आधी भिजवायचा असतो. एवढंही नको का कळायला?"

दिपमालाने वर पाहिलं. आवाज चढवला नाही.

"मी पाण्याचं टिपाड भरून ठेवलं होतं अक्का. दुकानदाराचं मला खरं वाटत नव्हतं. पण तुम्ही आलात, कापड चोळून बघितलंत, आणि काही बोलला नाहीत. म्हटलं, अक्कांनी हात लावून बघितलं म्हणजे नसेल याला गरज. मग पाणी ओतून दिलं."

कौतिकभाऊंनी हातातला पाना खाली ठेवला.

सुनंदाबाई फाटक्या कोपऱ्याकडे बघत राहिल्या. कापड फाटलं होतं, पण दिपमालाच्या शिवणीचा एक टाकाही उसवला नव्हता. ते दिसलं आणि आत पुन्हा तेच जळलं.

"रोनकभाऊ," त्या म्हणाल्या, "मला कळलं होतं. त्या दिवशीच. मी मुद्दाम बोलले नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे चूक माझी आहे. नवीन कापड माझ्या घरी टाक. मी भिजवून, वाळवून देते."  त्यांनी एकदा डोळे मिटले. "शिवू दे हिलाच. हिची शिवण माझ्यापेक्षा चांगली आहे."

  दिपमाला हूडची उरलेली बटणं एकेक करून सोडवायला लागली. थोड्या वेळाने सुनंदाबाईंनी दुसरी बाजू धरली, आणि दोघींनी मिळून तो आटलेला हूड जीपवरून खाली उतरवला.