आक्काचा अर्धा गाळा

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, ज्यांच्या शेजारी बसून उभा जन्म दुसऱ्यांच्या बातम्या दुरुस्त केल्या त्या सोबत्यांनाही नाही. आज का सांगतोय, ते नीट सांगता येणार नाही. गेले काही दिवस एका जागी बसवत नाही — एवढंच. तुम्हाला जवळचं समजून सांगेन म्हटलं, तर दोन ओळी लिहून उठतोय, खिडकीशी जाऊन येतोय, पुन्हा बसतोय.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पाऊस गेला होता. मी लातूरच्या एका लहान दैनिकात उपसंपादक होतो. तालुक्यांहून आलेल्या दुष्काळाच्या बातम्या नीट करायच्या, मथळे द्यायचे, मजकूर खिळे जुळवणाऱ्याकडे पाठवायचा — हे काम. ते संपलं की छापखान्यात कापून उरलेल्या कागदांवर मी काळ्या शाईने चित्रं काढायचो. टँकरभोवतीच्या घागरी, छावणीतली गुरं, विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरणारा माणूस. ती चित्रं माझ्या बहिणीशिवाय कुणी पाहिलेली नव्हती.

मग नांदेडच्या मेळाव्याची बातमी आली. मीच ती लावली. मराठवाड्यातले चित्रकार आणि कारागीर एका मैदानावर जमणार, प्रत्येक जिल्ह्याला गाळ्यांची एक रांग, आपली कामं मांडायची आणि विकायची. आमच्या जिल्ह्याची रांग पहिल्यांदाच लागणार होती. बातमी लावून मी घरी गेलो आणि सगळी चित्रं जमिनीवर पसरली. कुणी विकत घेईल ही? भिंतीवर दुष्काळ कोण टांगून ठेवतं? आणि घेतलंच तर किंमत काय सांगायची — चित्राकडे बघत सांगायची की गिऱ्हाइकाकडे? मी ती उचलली, पुन्हा मांडली. त्या महिन्यात मी हेच करत होतो.

आता आक्का. माझी मोठी बहीण, देवणीला दिलेली. तिच्या हातात रुखवताची कला होती. आमच्याकडे लग्नात नवरीच्या बाजूने मांडवात रुखवत मांडतात — शोभेच्या वस्तू, पदार्थ, नक्षी — आणि बघायला आलेल्या बायकांना सांगतात, सगळं नवरीनं केलंय. केलेलं असतं दुसऱ्याच कुणीतरी. देवणी, निलंगा, उदगीर, एवढ्या पट्ट्यात बऱ्याच नवरीमुलींचं रुखवत आक्कानं केलं होतं. ज्वारीच्या धाटाची साल सोलली की आत पांढरा, हलका भेंड निघतो. त्याचे ती बैल करायची, गाडी, देऊळ, रहाट. सालीचे बारीक काप हेच खिळे. बैल देवणीचेच — कानामागचा काळा डाग, पोटाखालचे ठिपके, सगळं जिथल्या तिथं. तिचं नाव मात्र कधी कुठं लागलं नाही. रुखवतावर ते लागतच नाही.

त्या वर्षी लग्नं पुढं ढकलली जात होती, झाली ती चार माणसांत उरकत होती. रुखवत कुणी सांगेना. आक्काचे हात रिकामे होते. मी तिला मेळाव्याचं सांगितलं. म्हणालो, एकच गाळा घेऊ, अर्ध्यात माझी चित्रं, अर्ध्यात तुझे बैल.

ती कोरड्या मातीनं भांडी घासत होती, कारण पाणी मोजूनमापून होतं. मग म्हणाली, "शिवा, तितं नाव लावतेत का रे?"

"लावतेत. गाळ्यावर पाटी असती."

"माझं?"

"मग काय सासूचं?"

"रुखवतावर नवरीचं लागतंय, म्हणून इचारलं," असं म्हणून ती हसली. तिची सासू आतून ऐकत होती. ती म्हणाली, "गाईला कडबा न्हाई आन् हिच्या बैलाला रंग लावायलेत." दाजींनी भर घातली — नांदेडला बैल इकायचे आन् चारा इकत आणायचा, बहीण-भावाचा धंदा बरा हाय. आक्का हसत राहिली. पण गाईच्या पुढ्यातलं धाट तिनं घेतलं नाही. गुरांनी टाकून दिलेली, किडकी, चघळलेली वेचून आणायची आणि त्यातला चांगला तुकडा काढायची.

इथपर्यंत सांगायला सोपं गेलं. पुढचंही आधी सोप्या पद्धतीनं सांगतो, जसं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलो.

मेळाव्याच्या काही दिवस आधी मी देवणीला गेलो आणि आक्काला सांगितलं की तुझं नाव लागलं नाही. देवणीकडची नावं अजून जुन्या जिल्ह्यातून जातात, तिकडं कुणी पाठवलीच नाहीत, मुदत संपली. हे खोटं होतं. ते बोलायला मला काही अवघड गेलं नाही, कारण त्या दिवसांत सगळंच तसं चाललं होतं. कुणाचा सातबारा जुन्या कचेरीत अडकलेला, कुणाची बदली, कुणाचं रेशन. नवा जिल्हा म्हटलं की माणसं मान डोलवायची आणि पुढचा प्रश्न विचारायची नाहीत. आक्कानंही मान डोलवली. "आसंल," म्हणाली. "तू कशाला तोंड पाडून बसलास? तुझा काय दोष?"

झालं. एवढं लिहून मला थांबता येईल. एक खोटं, दुष्काळाच्या वर्षातलं, बहिणीशी. कुणाकडून होत नाही?

पण यात मी क्रम लपवलाय. बातमीतला क्रम बदलला की बातमी बदलते, हे मी नव्या मुलांना शिकवत आलो. आता तो नीट लावतो.

नावनोंदणी जिल्हा कचेरीतल्या एका खोलीत होती. टेबलं नवीन, कपाटं अजून आलेली नव्हती. माझ्यापुढं एक चित्रकलेचे शिक्षक होते, इस्त्रीचा झब्बा, बगलेत मोठी कापडी पिशवी, बोलताना दर वाक्यात 'शैली' हा शब्द. त्यांनी माझी चित्रं चाळली आणि म्हणाले, "रेषा चांगली आहे." मला तोवर कुणी तसं म्हणालं नव्हतं. ते बाजूला उभेच राहिले. कारकुनानं मला विचारलं, "गाळ्यात कोण कोण?"

मला सर्वांसमोर सांगायचं होतं — मी आणि माझी बहीण, ती कडब्याचे बैल करते. शिक्षक माझ्याकडं बघत होते.

"मी एकटाच," म्हणालो.

कारकुनानं मान वर केली नाही. देवणीचं नाव तिथं चाललं असतं. माझ्या मागं उभा असलेला कुंभार देवणीचाच होता आणि त्याला गाळा मिळाला.

लाज वाटली, म्हणून? हो. आपली चित्रं जत्रेतल्या खेळण्यांशेजारी दिसतील, ही लाज. पण लाजेमागं दुसरं काहीतरी होतं, ते मला तेव्हाही कळत होतं. माणसं त्या गाळ्यापुढं थांबली असती तर कशापुढं थांबली असती? माझ्या कोरड्या विहिरींपुढं? मला ते माहीत होतं, म्हणूनच.

आणि हे मी तिला त्याच दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या आठवड्यातही नाही. का? माझे कागद पातळ होते, छापखान्याचे. नुसते टांगले तर गुंडाळी होणार. ते पुठ्ठ्यावर सपाट चिकटवायला हवे होते आणि ते मला येत नव्हतं. ते आक्काला येत होतं. सुट्टीच्या दिवशी मी पुठ्ठे आणि चित्रं घेऊन एसटीनं देवणीला जायचो. ती चिंचोके भाजून, भिजवून, वाटून खळ करायची. पिण्याच्या पाण्यातून वाटीभर बाजूला काढायची, त्यावरून सासूचं ऐकून घ्यायची, आणि एकेक कागद तळहातानं मधून कडेकडे दाबत जायची. मी शेजारी बसून बघायचो. तिच्या मागं फळीवर बैल वाळत असायचे, दर खेपेला थोडे जास्त. ती विचारायची, पाटीवर माझं नाव आधी का तुझं? आक्षर केवढं असतंय? गाळ्यापुढं मी बसायचं का उभं ऱ्हायचं? मी उत्तरं द्यायचो. सविस्तर द्यायचो. बसायला स्टूल असतं, म्हणालो. स्टूलसुद्धा मी सांगितलं.

शेवटचं चित्र चिकटून वाळलं, तिनं सगळी जुन्या लुगड्यात बांधून माझ्या हातात दिली — आणि मग मी जुन्या जिल्ह्याचं सांगितलं. गाठोडं हातात होतं. एसटीला अजून वेळ होता, पण मी स्टँडवर जाऊन थांबलो.

रंग न दिलेले बैल तिनंच गाईपुढं टाकले, हे दाजींकडून नंतर कळलं. त्यांनी ते गंमत म्हणून सांगितलं.

नांदेडला मी अहमदपूर, लोहा करत गेलो. मैदानावर धूळ होती, पाण्याचा एकच टँकर होता, आणि माणसं मात्र भरपूर होती. गुरुद्वाऱ्याला आलेली बाहेरगावची मंडळीसुद्धा फिरत होती. गाळा दोघांना पुरेल एवढा होता. मी चित्रं एका बाजूला मांडली, मग लांब लांब मांडून बघितली, पण अर्धा भाग रिकामाच दिसत होता. शेजारच्या रांगेत परभणीकडची एक बाई गोधड्या घेऊन आली होती. तिच्यापुढं गर्दी हटत नव्हती. वर पाटी — तिचं नाव, खाली गाव. गिऱ्हाईक नसलं की ती उठून पाटी सरळ करायची. पाटी सरळच असायची.

माझी काही चित्रं गेली. किंमत सांगताना मी जमिनीकडं बघत होतो. दुपारी ते शिक्षक आले. उन्हानं त्यांचे सगळे कागद कडांनी वळले होते. माझ्या सपाट राहिलेल्या चित्रांवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "हे कुणाकडून करून घेतलं?"

"मीच केलं."

विचार न करता आलं तोंडून. कचेरीत निदान क्षणभर थांबलो होतो.

परत आल्यावर आक्कानं विचारलं, लोक काय म्हणाले? चांगलं म्हणाले, असं सांगितलं. तिनं आनंदानं शेजारणीला बोलावून ते मला पुन्हा सांगायला लावलं. माझ्यावर ती कधी चिडली नाही. नव्या जिल्ह्यावर मात्र चिडली. आपली नावं धरत नाहीत, ह्या जिल्ह्याला आपण नको झालोय, असं ती बाजारात, लग्नात, कुणालाही सांगायची. मी दिलेली खोटी बातमी ती वाटत फिरत होती.

एवढ्यावरही हे संपलं असतं. पण दुसऱ्या वर्षी पाऊस बरा झाला आणि तसाच मेळावा लातूरलाच ठरला. आक्का माझ्या खोलीवर आली. तिच्या पिशवीत कापडात गुंडाळलेली एक बैलजोडी होती, नवीन. ती टेबलावर ठेवून म्हणाली, "आता तर हितंच हाय. आता लागतंय का रे आपलं नाव? का मीच जाऊन इचारू कचेरीत?"

कचेरी माझ्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. तो कारकून तिथंच होता. तिनं जाऊन विचारलं असतं तर तो म्हणाला असता, देवणीची नावं गेल्या साली बी होती की.

"तू नको जाऊस," मी म्हणालो. "मी इचारून सांगतो."

मी विचारलं नाही. तिनं एकदा निरोप पाठवला, एकदा दाजींकरवी विचारलं. मी दोन्हीदा म्हणालो, अजून काही कळत नाही. मेळावा झाला. त्याची बातमी मी लिहिली, गोधड्यांचं, मडक्यांचं कौतुक केलं. त्यानंतर तिनं विचारणं सोडलं. पुढं रुखवतं बाजारातून तयार यायला लागली आणि तिला कुणी बोलावेना.

ती देवणीलाच असते. हाताची बोटं आता वळत नाहीत. हे ज्या अंकात छापून येईल त्याची एक प्रत तिच्या घरी जाते आणि नात तिला वाचून दाखवते, हे मला माहीत आहे. देवणीला जाऊन, तिच्यासमोर बसून मी हे सांगितलेलं नाही. छापायला दिलं आहे.