विहाराला आतून कडी लागली तेव्हा

सुकेशनी सासऱ्यांना डबा द्यायला विहारात गेली आणि तिथंच अडकली.

पालमजवळच्या खेड्यात राहणारी ही बाई शाळेत इतिहास शिकवते. माहेर आणि सासर एकाच वस्तीत. निवडणुकीनंतर वस्तीत दोन पार्ट्या पडल्या आणि भांडण विहारापर्यंत आलं. जुन्या कमिटीचे अध्यक्ष तिचे सासरे किशनराव. नव्या कमिटीचा म्होरक्या तिचा सख्खा धाकटा भाऊ सिद्धोधन. नवी कमिटी ताबा घ्यायला येणार असं कळल्यावर किशनराव सकाळीच आपली माणसं घेऊन आत बसले होते. सुकेशनीनं डबा खाली ठेवला, तेवढ्यात बाहेर गलका झाला आणि कुणीतरी आतून कडी घातली.

"मामा, मला तेवढं जाऊ द्या," ती सासऱ्यांना म्हणाली.

"दार उघडलं की ते आत शिरतेत. बस गुमान."

बाहेरून सिद्धोधन ओरडला, "अक्का, तू बाहेर ये! तुला कुणी हात लावत न्हाई."

किशनरावांनी तिच्याकडं रोखून पाहिलं. "जायचं तर जा. मग भावाच्याच घरी ऱ्हा."

ती खिडकीखाली बसली. खिडकीच्या रंगीत काचांसाठी बचत गटाच्या बायांनी वर्गणी केली होती. सासू सरजाबाई त्यात होती, सुकेशनीची आईसुद्धा. उकाड्यानं जीव घुसमटत होता.

"मामा, इंग्लंडात राजाची न् पार्लमेंटची लढाई झाली व्हती," ती हळू आवाजात बोलू लागली. "लिचफिल्ड गावात राजाची माणसं मोठ्या चर्चमध्येच मोर्चेबंदी करून बसली. बाहेरचेबी त्याच देवाला मानणारे. तरी तोफा डागल्या. आत घुसल्यावर काचा फोडल्या, मूर्ती फोडल्या. पुन्हा वेढे पडले, न् शेवटी मधला मनोराच कोसळला."

"ते इंग्रज व्हते. आपल्यात तसं व्हत न्हाई," किशनराव म्हणाले.

थोड्याच वेळात पहिला दगड आला. निळ्या-पिवळ्या काचांचा चुरा तिच्या केसांत, मानेवर पडला. आत एकच धांदल उडाली. "कपाट लावा दाराला!" किशनराव ओरडले. पुस्तकांनी भरलेलं लोखंडी कपाट चौघांनी ओढलं, ते कलंडलं आणि थेट मूर्तीवर गेलं. बुद्धाचा उचललेला हात मनगटापासून तुटून फरशीवर पडला. बाहेर घोषणा चालूच होत्या.

पोलीस आले तेव्हा कुठं दार उघडलं. जबाबाच्या आधी किशनराव तिच्या कानाशी लागले, "हातबी दगडानंच तुटला, असं सांग." अंगणात भावानं गाठलं, "अक्का, आमी दगड मारला न्हाई म्हण. पोरांवर केस व्हईल."

तिनं जे झालं ते तसंच सांगितलं. काच बाहेरून फुटली, हात आतून तुटला.

विहाराला सील लागलं. किशनराव आता तिच्या हातचं खात नाहीत. सरजाबाई त्यांना वेगळं वाढते. माहेरी गेली तर आई दारातूनच बोलते, सारखं मागं बघत. पुण्याला कंपनीत असलेला नवरा फोनवर म्हणतो, "जरा दमानं घे." दुसऱ्या गावच्या शाळेत बदली मागावी तर घरात विषय काढायचा कुणापाशी?

वैशाख पौर्णिमेला वस्तीत दोन मांडव पडले. एकाही मांडवातून तिला बोलावणं आलं नाही. दोन्हीकडचे भोंगे एकदमच सुरू झाले आणि वंदनेचे शब्द एकमेकांत मिसळून गेले. सुकेशनी स्वयंपाकघरात हात जोडून बसली. त्या गोंगाटात तिला स्वतःचा आवाजसुद्धा ऐकू येत नव्हता, तरी ती वंदना म्हणत राहिली.